फॅमिली ऊपर

परवा ऑफिसातल्या एका नवीन मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही अजून सरांबरोबर डेटवर जाता?" मी म्हटलं, डेट कसली गं, चहा प्यायला जातो. तिला ते फारच केविलवाणं वाटलं असावं, कारण तिने विषय बदलला. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून हे लांबण लावते आहे. वेळ नसेल त्यांनी लाइक करून पुढे जावं, मी रागावणार नाही.

आमचं लग्न रीतसर बघून-दाखवून झालेलं. 2001 साली मोठ्यांनी सांगितलं, "आता दोघं एकदा बाहेर भेटा," आणि याने मला जहांगीर आर्ट गॅलरीतल्या समोवार कॅफेत बोलावलं. मी ठाण्याची. आमच्याकडे हॉटेल म्हणजे दहावीचा निकाल नाहीतर गावाहून आलेले पाहुणे. समोवार म्हणजे रेल्वेच्या डब्यासारखी लांबट, चिंचोळी जागा, एका अंगाला म्युझियमची हिरवळ. आजूबाजूला झब्बेवाली मंडळी एकेका चहावर तासन्‌तास बसलेली आणि त्यांना कोणी 'और कुछ?' म्हणून उठवत नव्हतं. मला हेच नवल. याने एकच पराठा मागवला. आला तेव्हा तोडून मोठा अर्धा माझ्याकडे सरकवला आणि मग स्वतःच्या छोट्या अर्ध्याकडे जरा वेळ बघत बसला. भूक लागली होती बिचाऱ्याला. मी घरी जाऊन हो सांगितलं.

(1964 पासून चालू असलेलं समोवार 2015 च्या मार्चमध्ये बंद झालं. शेवटच्या दिवसांत आम्ही गेलो होतो, पण ही गर्दी. रांगेत उभं राहून निरोप घेणं याला जमत नाही. परत आलो.)

लग्न झालं आणि मी गिरगावात आले. चाळीतली दहा बाय बाराची खोली, मागे स्वयंपाकघर. त्यात सासू-सासरे, धाकटा दीर आणि आम्ही दोघं. ज्यांनी चाळीत संसार केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. गॅलरीत उभं राहून काही बोललं, की उत्तर शेजारच्या काकूंकडून यायचं. भांडायचं तर कुजबुजत. आणि कुजबुजत भांडण काही रंगत नाही हो, मध्येच हसू येतं.

मग आम्ही "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघायला लागलो. ठाकुरद्वारच्या नाक्यावरून जे. एस. एस. रोड धरायचा आणि नाकासमोर चालत धोबी तलाव गाठायचा. तिथे मेट्रो सिनेमाजवळ कयानी, 1904 सालचं इराण्याचं हॉटेल. चौकडीचे टेबलक्लॉथ, वर गरगरणारे पंखे, बरण्यांमधली बिस्किटं. ब्रुन मस्का आणि चहा. मी बनवाली, हा ब्रुनवाला. मऊ पाव चहात बुडवण्यात काय पुरुषार्थ, असं त्याचं मत. कडक ब्रुनने टाळू सोलून निघते, हे माझं. चोवीस वर्षं हा वाद चालू आहे आणि तो मिटू नये अशी दोघांचीही इच्छा दिसते. चहावर लोण्याचा पिवळा तवंग आला की समजायचं, आता खरं बोलायला हरकत नाही.

आम्ही आमचं डोंबिवलीचं घर खरं म्हणजे कयानीत घेतलं. 2003 चा पावसाळा होता. बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर याने हप्ता लिहिला, खाली दोघांचे पगार लिहिले, वजाबाकी केली आणि कागद माझ्याकडे फिरवला. उरलेला आकडा बघून मी आणखी एक चहा सांगितला. कर्ज काढायचं, हे अर्ध्या तासात ठरलं. आई-बाबांना कोणी सांगायचं, यात मात्र दोन ब्रुन संपले. घरी, त्या खोलीत, हे बोलणं झालंच नसतं. तिथे आम्ही मुलगा आणि सून होतो. नवरा-बायको व्हायला आम्हाला एक टेबल लागायचं.

सासूबाईंना आमचं हे जाणं पटत नसे. "घरात चहा-साखर संपली का?" हा ठरलेला टोमणा. त्या काळी मनाला लागायचा. आता वाटतं, प्रश्न चुकीचा नव्हता. चहा घरीही बरा होत होता, आमचं येणं-जाणं चहासाठी नव्हतंच, हे त्यांना सांगायची सोय नव्हती.

सासरे गेल्यानंतरच्या वर्षी एकदा सासूबाईंना डोळे तपासायला फोर्टात घेऊन गेले होते. डोळ्यांत थेंब घातलेले, ऊन सहन होईना, म्हणून वाटेत एका इराण्याकडे बसवलं. मनात म्हटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. वेटर आला तशा सासूबाई माझ्या आधी म्हणाल्या, "चहा पानीकम. आणि ब्रुन कडक असेल तरच." मी बघतच राहिले. मग बऱ्याच वेळाने, डोळे मिटलेलेच ठेवून, त्या सांगायला लागल्या. त्यांच्या लग्नानंतरची गोष्ट, सत्तरच्या आसपासची. पगाराच्या दिवशी सासरे त्यांना चर्नी रोडच्या एका इराण्याकडे न्यायचे. दारात शिरलं की वेटर जिन्याकडे बोट करून ओरडायचा, "फॅमिली ऊपर!" वर माळ्यावर लाकडी कप्पे, प्रत्येकाला कापडी पडदा. त्याला फॅमिली रूम म्हणायचे. खाली एकटे पुरुष, वर बायकामुलांना घेऊन आलेले.

"घरी काय सांगायचात?"

"सिनेमाला जातो म्हणायचो. दोन-दोन तास कुठे होतो हे सांगायला नको का?" मग जरा थांबून, "एकदा तुझ्या आजेसासूबाईंनी गोष्ट विचारली सिनेमाची. ह्यांनी रचून सांगितली. चांगली होती."

त्या हॉटेलच्या जागी आता औषधाचं दुकान आहे. मी त्या दिवसापासून टोमणा मनावर घेणं सोडलं, आणि गंमत म्हणजे त्यांनीही तो मारणं सोडलं.

इराणातल्या यझ्द, केरमानकडून आलेल्या माणसांनी मुंबईत ही हॉटेलं काढली. नाक्यावरची जागा व्यापाराला शुभ नाही असं इथले लोक मानायचे, म्हणून इराण्यांना नाके मिळाले, असं सांगतात. मला त्या नाक्यांचा दुसराच उपयोग दिसतो. दोन बाजूंनी रस्ता, उघडी दारं, मोठा आवाज. बाजूच्या टेबलावरचा माणूस स्वतःच्या खिमा-पावात गुंतलेला. इतक्या गोंगाटात नवरा-बायकोचं बोलणं जितकं खाजगी राहतं तितकं ते घरात दार लावूनही राहत नाही.

म्हणून मला त्या दिव्यांनी सजवलेल्या, आधी बुकिंग करायच्या जागा मानवत नाहीत. सगळ्याच वाईट असतात असं नाही, पण तिथे गेलं की संध्याकाळ चांगली जायलाच हवी अशी जबरदस्ती असते. लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला मुलीने हट्टाने एका गच्चीवरच्या रेस्टॉरंटमध्ये पाठवलं. उजेड इतका कमी की मेन्यू वाचायला मोबाइलचा टॉर्च लावला, तर कळलं मेन्यूच मोबाइलवर आहे. गाणी एवढ्या जोरात की आम्ही एकमेकांना व्हॉट्सअॅप करायचं तेवढं बाकी होतं. वेटरचा पहिला प्रश्न, "पाणी रेग्युलर की बिसलेरी?" हा प्रश्न विचारताना 'रेग्युलर' शब्द ज्या सुरात म्हणतात, त्या सुराचा कोणीतरी अभ्यास करायला हवा.

मग बिल. त्यात दहा टक्के सर्व्हिस चार्ज. हा बिलं वाचायलाच जन्माला आल्यासारखा माणूस, चष्मा काढून वाचतो. जुलै 2022 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगून ठेवलंय की सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही, तो ग्राहकाच्या मर्जीवर. (मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. पाच टक्के जीएसटी वेगळा, तो सरकारचा, तो द्यावाच लागतो. दोन्हींत गल्लत करू नका.) याने शांतपणे मॅनेजरला बोलावलं. चार्ज उतरला. पण तोपर्यंत माझा चेहराही उतरला होता. वाढदिवस म्हणून नेसलेली पैठणी, आणि आम्ही काउंटरला उभे राहून कायदा सांगतोय. परतीच्या गाडीत विंडो सीट मिळाली तेव्हा कुठे दोघांना हसू फुटलं.

कोणी म्हणेल, मग घरी मागवा ना अॅपवरून. अहो, मागवतो की. पण ते घरीच जेवणं असतं. डबे आपणच उघडायचे, आपणच धुवायचे, ओटा आपणच पुसायचा, आणि जेवता जेवता वॉशिंग मशीन संपल्याची शिट्टी वाजते. बाईमाणसासाठी हॉटेलातली सर्वांत चविष्ट गोष्ट कोणती विचाराल तर उठताना ताट तिथेच टाकून जाता येणं. याबद्दल एके काळी मला चोरटेपणा वाटायचा. आता नाही वाटत.

रविवारी कधी लवकर जाग आली तर आम्ही माटुंग्याला जातो. डोंबिवलीहून फास्ट पकडून दादर आणि एक स्टेशन मागे. किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास, 1940 सालचं. बाहेर एक जण नावं लिहून घेतो आणि पुकारतो. आपलं मराठी आडनाव तिथे कसं पुकारलं जाईल याची दर वेळी उत्सुकता असते. आत टेबल वाटून घ्यावं लागतं, समोर कोणीही अनोळखी. इथे मला माझ्या नवऱ्याचं एक वेगळंच रूप बघायला मिळतं. घरी चार शब्दांत दिवस काढणारा हा माणूस समोरच्या तमिळ आजोबांना फिल्टर कॉफीत चिकोरी किती असावी यावर पंधरा मिनिटं ऐकवतो. आजोबाही त्याला ऐकवतात. मी मधल्या वेळात त्याच्या डोशातला अर्धा संपवते. पोटात जास्तच जागा असली तर रामा नायकांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, 1942 चं. आधी कूपन घ्यायचं, मग केळीच्या पानावर जेवण. तिथे बोलायचं नसतं, तिथे नुसतं जेवायचं. सोमवारी मात्र कॅफे मद्रास बंद असतं, एकदा रजा टाकून गेलो आणि शटर बघून आलो, म्हणून सांगून ठेवते.

आणि हो, बोलण्यावरून आठवलं. हॉटेलात गप्प बसलेलं जोडपं दिसलं की लोक लगेच हळहळतात, 'बिचाऱ्यांचं काही उरलं नाही.' कृपा करून असं करू नका. आम्ही कित्येकदा गप्प असतो. तो रस्त्यावरच्या बसचे नंबर वाचतो, मी लोकांच्या साड्या बघते. अर्ध्या तासात एक वाक्य होतं. 2019 मध्ये माझा रिपोर्ट यायचा होता, गाठीचा. त्या दुपारी आम्ही बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियात बसलो होतो. 1923 सालचं हॉटेल. तोवर बोमन कोहिनूर हयात होते, नव्वदी कधीच ओलांडलेली, तरी टेबलाटेबलाशी जाऊन चौकशी करायचे. त्याच वर्षी ते गेले. आमच्यासमोर बेरी पुलाव होता. आंबटगोड बेरी मला फार आवडतात. हा एक शब्द न बोलता स्वतःच्या वाट्याच्या बेरी वेचून माझ्या ताटाच्या कडेला लावत होता. रिपोर्ट चांगला आला, काळजी नको. पण त्या तासाभरात आम्ही काय बोललो असं विचाराल तर काहीही नाही.

आता अडचण अशी झालीय की पुढच्या महिन्यापासून याचं ऑफिस फोर्टातून ऐरोलीला जातंय. म्हणजे आमचा दर गुरुवारचा व्हीटीजवळचा चहा गेला. (सीएसएमटीला मी व्हीटीच म्हणते, सवय.) मधलं काहीतरी शोधायला हवं. ठाणं आमच्या दोघांच्या वाटेत, पण तिथे माझे नातेवाईक प्रत्येक गल्लीत आहेत. सध्या दादरवर एकमत आहे, जरी त्याला उलटं यावं लागणार आहे. हॉटेलावर मात्र नाही. याचं म्हणणं मामा काणे, 1910 पासूनचे आहेत, स्टेशनातून उतरलं की समोर, बटाटावडा खायचा आणि गाडी पकडायची. मी म्हणते आस्वाद. त्यांच्या मिसळीला 2015 मध्ये लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं, तेव्हापासून हा आस्वादवर उगाच रुसलाय. "मिसळीचं लंडनला काय विचारायचं?" शिवाय तिथे रांग असते, हा त्याचा मुद्दा. रांगेत उभं राहिलं तर वीस मिनिटं बोलता येईल, हा माझा.

येत्या गुरुवारी पहिली फेरी आहे. कुठे ते अजून ठरलेलं नाही. आम्ही दिसलो तर लांबूनच हात करा, पण आमच्या टेबलावर येऊन बसू नका.