शेंबड्या पोरालाही कळेल? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

फुप्फुसाच्या सुरुवातीच्या कर्करोगात अख्खा खंड (फुप्फुसाचा एक मोठा भाग) काढावा की केवळ उपखंड (त्या खंडाचा एक लहान भाग), या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की, ‘कमी कापणे म्हणजे अर्धा कॅन्सर आत ठेवून टाके घालणे, हे शेंबड्या पोरालाही कळेल.’ मतभेदाचे मला वावडे नाही. पण ज्या प्रश्नावर जगभरच्या सर्जन मंडळींनी तीन दशके खल केला, तो शेंबड्या पोराच्या स्वाधीन करण्याची घाई मला जमणार नाही.

आपण १९९५च्या अमेरिकी चाचणीचा दाखला दिलात. त्या चाचणीत कमी कापलेल्यांमध्ये कर्करोग त्याच जागी परतण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट आढळले, हे खरेच आहे. परंतु तेथे ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी होत्या आणि सीटी स्कॅन आजच्याइतके बारीक नव्हते. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६९७ रुग्णांच्या चाचणीत २ सेंटिमीटरपर्यंतच्या, फुप्फुसाच्या कडेच्या गाठी घेतल्या, शस्त्रक्रिया चालू असतानाच लसिका ग्रंथी (कर्करोग जिथे आधी पसरतो त्या गाठी) तपासून त्यांत कर्करोग नसल्याची खात्री केली, आणि मगच किती कापायचे याची चिठ्ठी निघाली. पाच वर्षांनंतर कमी कापलेल्यांत हयात असलेले ८०.३ टक्के, अख्खा खंड काढलेल्यांत ७८.९. कमी कापलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा तर उपखंडही नव्हे, पाचरीसारखा तुकडाच काढला होता. अर्धा कॅन्सर आत राहिला असता, तर हे आकडे असे दिसले असते का?

आपल्याला हे पुस्तकी वाटेल, म्हणून सांगतो. २०११मध्ये माझ्या आईचा उजवा वरचा खंड काढला. गाठ होती दीड सेंटिमीटरची. श्वास आत ओढून तीन गोळ्या वर उचलण्याचे ते प्लास्टिकचे यंत्र तिच्या उशाशी असे. पहिली गोळी थरथरत वर जाई, दुसरी जागची हलत नसे, आणि ती माझ्याकडे पाहून ओशाळे. ‘थोडे जास्त गेले तर काय बिघडते’ हे आपले वाक्य मी तिला वाचून दाखवलेले नाही.

लेखात मी एके ठिकाणी गाठीच्या आकाराची मर्यादा २ऐवजी ३ सेंटिमीटर लिहिली होती. ती चूक माझी. दुरुस्त केली आहे, आभार.

राहिला आपला उरलेला आक्षेप, की २०२२च्या जपानी चाचणीतील कर्करोग त्याच जागी परतण्याचे आकडे (उपखंड काढलेल्यांत १०.५, अख्खा खंड काढलेल्यांत ५.४ टक्के) मी दिले नाहीत. नाही दिले. उपखंड काढलेले रुग्णच त्या चाचणीत अधिक जगले, हे मात्र आपणही लिहिले नाही.