‘दीड तास उकळूनही राजमा टणक’: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या सूप मिक्सच्या बरणीला दोन तारे देऊन तुम्ही लिहिलंत, की बरणी दिसायला देखणी, पण दीड तास उकळूनही राजमा टणकच राहिला, मसूर डाळीचा पार लगदा झाला आणि तळाशी टोमॅटो पावडरचा घट्ट गोळा निघाला. वर कार्डावर ‘४० मिनिटं’ छापलेलं. राजमा जुना होता का, असंही तुम्ही विचारलंत.

राजमा जुना नव्हता, पण चूक आमचीच आहे. त्याच पोत्यातला राजमा मी रात्रभर भिजवला आणि दोन पातेल्यांत चढवला. एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात बरणीत असते तेवढी टोमॅटो पावडर. सव्वा तासाने पहिल्यातला दाणा दोन बोटांत सहज चेपला गेला. दुसऱ्यातल्याचं साल सुटलं होतं, आतला गर मात्र दाताखाली करकरत होता. दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात लवकर सुटत नाही, म्हणून कडधान्य शिजायला फार वेळ लागतो. (पुष्कळजण यासाठी मिठाला बोल लावतात, ते खरं नाही.) आंबट शेवटी घालायचं हे मला ठाऊक असूनही, काचेतून लाल थर उठून दिसतो म्हणून मी पावडर कडधान्यांबरोबर भरली. डाळ निवडतानाही मी असंच दिसण्यालाच महत्त्व दिलं. मसूर डाळ २० मिनिटांत शिजते, राजम्याला तासाहून जास्त लागतो. रंग जुळले म्हणून दोघांना एका बरणीत बसवलं, शिजण्याचा वेळ पाहिलाच नाही.

गोळ्याचं कारण गाजरात सापडलं. नीट सुकलेला काप वाकवला की काडकन मोडतो. त्या खेपेतले उरलेले काप काढून पाहिले, तर काही चामड्यासारखे वाकत होते. बरणी हवाबंद असल्यामुळे ती ओल आतच राहिली आणि मिठाने व पावडरीने शोषून घेतली.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. तुम्ही राजमा भिजवला नव्हता, कारण कार्डावर भिजवण्याचा शब्दच नव्हता. कच्च्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होऊ शकतात, त्याला चार-पाच दाणेही पुरतात. तुम्ही तो टणक राजमा खाल्ला नाहीत हे वाचून जीव भांड्यात पडला. ज्यांच्याकडे आमची राजम्याची बरणी आहे त्या सगळ्यांना सांगते: राजमा वेगळा काढा, निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका आणि ताज्या पाण्यात किमान अर्धा तास खळखळून उकळा. मग पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. स्लो कुकरमध्ये थेट टाकू नका, तेवढ्या मंद आचेवर लेक्टिन जात नाही.

त्या खेपेच्या शिल्लक बरण्या आम्ही विक्रीतून काढल्या आहेत. थरांच्या बरणीत आता राजमा नाही. मसूर डाळही काढली. फोडलेले वाटाणे आणि बार्ली आहेत, ते साधारण एकाच वेळी शिजतात. सुकवलेल्या भाज्या आठवडाभर वेगळ्या काचेच्या बरणीत ठेवून रोज हलवतो. काचेवर आतून जराही दव धरलं, तर सगळ्या पुन्हा सुकवायला जातात. एका बरणीला यात पूर्वीपेक्षा खूप दिवस जास्त लागतात, म्हणून सध्या कमी बरण्या करतो आहोत.

तुमच्याकडची दुसरी, न उघडलेली बरणी त्याच खेपेतली आहे, ती वापरू नका. दोन्हींचे पूर्ण पैसे आजच परत पाठवले आहेत. नवी बरणी हवी असेल तर इथेच कळवा, पाठवते. तिच्यात टोमॅटो पावडरची पुडी वेगळी, झाकणाखाली ठेवलेली असेल. वाटाणा बोटाने चेपला गेला की मगच ती फोडा.