डग्गा ऐकू आला पाहिजे

बारक्याचा प्रश्न साधा होता. "पाच हजारांत कॉम्प्युटरला बरे स्पीकर कुठले मिळतील?" असं काही आमच्या कट्ट्यावर विचारायचं नसतं, हे त्याला अजून कळलेलं नाही. वय तेवीस, घरून काम करतो, रात्री जेवणं उरकली की शास्त्रीय लावून बसतो, आणि आई-वडील पलीकडच्या खोलीत झोपतात. यातली शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची होती, पण ती आमच्या डोक्यात तासाभराने शिरली.

पहिला बार मामांचा. मामांनी पंचवीस वर्षं मंडप आणि साउंडचा धंदा केला. "टू पॉइंट वन घे. खाली वूफर, वर दोन छोटे बॉक्स. भिंत हलली पाहिजे."

"मामा, भिंत घरमालकाची आहे."

सीएने तोवर मोबाइलवर जाहिरात काढली होती. (तो सीए नाही. परीक्षा सोडून दिली, नाव चिकटलं.) "हे बघ, बाराशेत चाळीस वॅट! वेगळा प्लगही नको, यूएसबीवर चालतात."

"यूएसबीवर चाळीस वॅट?" मी म्हटलं. "यूएसबी 2.0 चं पोर्ट 5 व्होल्टला अर्धा अँपिअर देतं. झाले अडीच वॅट. 3.0 चं असेल तर 900 मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार. आडातच नाही, तर पोहऱ्यात चाळीस कुठून येणार?"

मामा खूश झाले. "अरे, आमच्या वेळी डेकवर पीएमपीओ, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा, छापायचे. हजार वॅट! आणि मागची पट्टी वाचली तर तो डेक भिंतीतून ओढायचा वीस वॅट. त्या खोक्यावरचा आकडा वाचायचाच नाही. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॅट किती, तेवढं विचारायचं."

आणि टेबलावर लागतात तरी किती? साधा स्पीकर एका वॅटला, एक मीटरवर, 85 डेसिबलच्या आसपास आवाज देतो. बारक्याचा कान स्पीकरपासून दोन हातांवर. म्हणजे तो जे रोज ऐकतो ते वॅटच्या छोट्याशा हिश्श्यात भागतं. बाकीचे वॅट तबल्याची थाप पडली की क्षणभर लागतात. क्रिएटिव्ह कंपनीच्या पहिल्या पेबल या छोट्या स्पीकरवर 4.4 वॅट आरएमएस लिहिलेलं असतं आणि टेबलापुरते ते पुरतात. उलट दहा वॅटचे वीस केले तर वाढतात फक्त 3 डेसिबल. दुप्पट मोठं वाटायला दहापट वॅट लागतात. सीएला हे पटलं नाही. त्याच्या मते दुप्पट म्हणजे दुप्पट.

इथवर सगळे स्पीकरवरच भांडत होतो. मग मास्तर बोलले. मास्तर निवृत्त आहेत, रोज आमच्यातला सगळा गोंधळ ऐकून घेतात आणि शेवटी एकच प्रश्न विचारतात. "बारक्या, तू ऐकतोस कधी?"

"दहानंतर."

"मग स्पीकर कोणासाठी घेतोयस?"

खरी चर्चा इथून सुरू झाली. माझं मत तेव्हाही तेच होतं, आताही तेच आहे: थोड्या पैशांत चांगला आवाज हवा असेल तर आधी हेडफोन. स्पीकरला खोलीभर हवा हलवायची असते, त्यासाठी मोठा कोन (स्पीकरचा हलणारा पडदा), जड पेटी, अ‍ॅम्प्लिफायर, सगळ्याचे पैसे पडतात. हेडफोनला कानाजवळची चिमूटभर हवा पुरते. म्हणून चार सेंटीमीटरचा पडदा खालचा षड्ज दाखवतो, आणि त्याच किमतीचे टेबलावरचे स्पीकर शंभर हर्ट्झच्या खाली माना टाकतात. पखवाजाची धूम किंवा डग्ग्याचा घुमारा नेमका तिथेच राहतो. शिवाय खोलीचा घुमणारा कोपरा, फरशी, उघडी खिडकी, यांतलं काहीच हेडफोनच्या आड येत नाही.

"पण हेडफोनमध्ये गवई डोक्यात बसतो," मामा म्हणाले. "समोर बसत नाही." हे मात्र शंभर टक्के खरं. स्पीकर लावले की डाव्याचा आवाज थोडा उशिरा उजव्या कानालाही पोचतो, त्यावरून मेंदू समोर बैठक मांडतो. हेडफोनमध्ये डावं ते डावंच, उजवं ते उजवंच. तीन तासांची मैफल कान झाकून ऐकली की मान अवघडते आणि कानाला घाम येतो, तो हिशेब वेगळा.

सीए लगेच, "मग डॅक (डिजिटल गाण्याचा कानाला ऐकू येईल असा सिग्नल करणारी डबी) पाहिजे, हेडफोन अ‍ॅम्प पाहिजे." कुठलाही विषय खर्चाकडे नेण्याची कला त्याला अवगत आहे. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा; 32 ओहमचा साधा हेडफोन लॅपटॉपच्या पिनेवर मजेत चालतो. कॉस कंपनीचा पोर्टा प्रो 1984 पासून विकला जातोय, 60 ओहमचा आहे, तो पहिल्या दिवसापासून वॉकमनवर चालायचा. 250 ओहमचे स्टुडिओ हेडफोन घेतले तर अ‍ॅम्पचं बघू. लॅपटॉपच्या पिनेतून खरखर आलीच तर टाइप-सीचं छोटं डोंगल लावायचं; तेही एक डॅकच आहे. त्याच्यापुढे पैसे टाकायचे असतील तर आधी हेडफोनवर टाकावेत.

ब्लूटूथचा मुद्दा मी एका वाक्यात मिटवला. गाण्याला चालतं, पण गेम खेळताना आणि हार्मोनियमवर साथ धरताना आवाज मागे पडतो, म्हणून वायर.

मास्तरांचा दुसरा प्रश्न कानांचा होता. जागतिक आरोग्य संघटना सांगते, 80 डेसिबलला आठवड्याला फार तर 40 तास ऐका. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो; 90 वर गेलात तर आठवड्याला चारच तास. बारक्याने हळूच मोबाइलचा आवाज किती ठेवलाय ते पाहिलं.

मग मामांनी पुण्याच्या तपकीर गल्लीचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराचा, किस्सा काढला. तिथून टीपीए 3116 या चिपचं क्लास-डी बोर्ड, म्हणजे छोटा उघडा अ‍ॅम्प, आणायचं, घरातला 19 व्होल्टचा जुना लॅपटॉप चार्जर लावायचा, आणि माळ्यावर पडलेल्या डेकचे 8 ओहमचे बॉक्स जोडायचे. दर बाजूला वीसेक वॅट खरे मिळतात. मी हे करून पाहिलंय. आवाज देखणा, पण गाणं लावलेल्या लॅपटॉपला त्याचा चार्जर लावला की बॉक्समधून "हुं" सुरू.

"अर्थिंगची पिन काढून टाक, हम जाते," सीए म्हणाला.

"ए, गप रे!" मामा, मी आणि मास्तर एकदम. ती पिन जीव वाचवायला असते. हम येते कारण दोन उपकरणांच्या अर्थिंगचं वेटोळं होतं. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्यायची, नाही गेली तर ऑक्सच्या, म्हणजे लॅपटॉपमधून आवाज नेणाऱ्या, वायरमध्ये हम अडवणारा आयसोलेटर टाकायचा.

"तुझे सध्याचे स्पीकर कसे लावलेत?" मास्तरांचा तिसरा प्रश्न. बारक्या गप्प. आम्ही सगळेच वर गेलो.

एक स्पीकर मॉनिटरच्या मागे, दुसरा खिडकीत, दोघांची तोंडं पोटाकडे. मामांनी काहीही न विचारता ते उचलले. खाली जुन्या दिवाळी अंकांच्या दोन चवडी, वर स्पीकर, तोंड कानाच्या पातळीला, दोघांमधलं अंतर बारक्याच्या डोक्यापासूनच्या अंतराइतकंच. भिंतीपासून वीतभर पुढे. मग विलंबित ख्याल लावला.

तानपुरा दोन्ही बाजूंना पसरला आणि गवई मॉनिटरच्या जागी येऊन बसला. डग्गा अजून दबलेलाच होता. अडीच इंची कोनाकडून तो येणारही नव्हता. सीए पहिल्यांदाच काही बोलला नाही.

"म्हणजे पाच हजारांचा हेडफोन?" बारक्याने विचारलं.

"तीन साडेतीनचा घे, कान पूर्ण झाकणारा," मी म्हणालो. "बाकीचे ठेव. पुढच्या वर्षी त्यात भर घालून मोठे स्पीकर घेऊ."

"आणि मुंडी वळवायला पाच मीटरची वायर," मामा म्हणाले.

दार किलकिलं झालं. बारक्याची आई. "सव्वादहा झालेत. आवाज कमी करा, नाहीतर सगळे खाली जा."