मोर्चा मोजायचाय? घरीच बसा

आंदोलनांची आकडेवारी जमवायला निघालात ना? मग आधी चप्पल काढा. मोर्चाला गेलं की माणसं दिसायला लागतात आणि आकडे बिघडतात.

आंदोलन म्हणजे काय, ते ठरवून टाका. दूधदरासाठी एकाच दिवशी बारा तालुक्यांत रास्ता रोको झाला, तर आंदोलन एक की बारा? अहवाल कुणाच्या टेबलावर जाणार आहे ते बघा, उत्तर सुचेल. हंडा मोर्चात हंडेच मोजा, ते मधेच उठून घरी जात नाहीत.

डोकी मोजायचं शास्त्रही आहे. बर्कलीचे प्राध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी १९६०च्या दशकात हिशेब बसवला: विरळ गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाटीत साडेचार. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यात माणसं ४,३५६ की ९,६८०, हे तुमच्या हातात. आयोजकांना दाट वाढा, बंदोबस्तवाल्यांना विरळ.

अडचण येते ती गर्दी चालू लागली की. २०१८चा किसान लाँग मार्च ६ मार्चला नाशिकहून निघाला, वाटेत वाढत गेला. शेवटचा टप्पा तर रात्रीच चालून ही मंडळी १२ तारखेला पहाटे आझाद मैदानात हजर, का तर दहावीच्या मुलांचा पेपर चुकू नये. मुलांचा विचार केला, मोजणाऱ्यांचा कुणी केला? बातम्यांत पस्तीस हजार आहेत, पन्नासही आहेत. बेरीज करून दोनाने भागा. साडेबेचाळीस हजार. इतका नेमका आकडा म्हटल्यावर शंका कोण घेणार?

एवढीही दगदग नको असेल तर एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या केंद्रीय विभागाचे, तक्ते उघडा. शांतपणे धरणं धरून उठलेल्यांचा तिथे त्रास नाही. गुन्हा नाही, तर नोंद कसली? गुन्हा दाखल झालाच, तरी एका एफआयआरमधलं सर्वांत जड कलम तेवढं मोजतात. जमावबंदी मोडली आणि सोबत खुनाचा प्रयत्नही लावला, की अख्खा मोर्चा त्या रकान्यात जाऊन बसतो.

तरीही गावाकडचा खरा पुरावा हवाच असेल, तर तहसील कचेरीत आवक रजिस्टर मागा. त्यात मोर्चा सापडणार नाही, निवेदन सापडेल. विषय: पाणीटंचाईबाबत. खाली पाच सह्या.

लिहा: सहभागी, ५.