झोप हरवलेल्या माणसाच्या पाया पडू नका

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्रफीत आली. गंगापूर रोडवरील कोणत्याशा सभागृहात ध्यान शिबिर चालले आहे. पहाटेपासून उपाशीपोटी जोरजोरात श्वास घेत बसलेली एक तरुण मुलगी थरथरत कोसळते, तिच्या हातांची बोटे वळलेली आहेत आणि शिबिर घेणारे गृहस्थ माइकवरून सांगतात की हिची कुंडलिनी जागृत झाली. तिला पाणी द्यावे असे कोणालाही वाटत नाही. लोक रांगेने तिच्या पाया पडत आहेत.

मला माझा मावसभाऊ आठवला आणि संताप अनावर झाला. पंचवटीत राहणारा हा मुलगा नोकरी गेल्यावर जपाला बसू लागला, मग रात्रीचा झोपेनासा झाला, आणि देवी आपल्याशी बोलते असे त्याने सांगताच घरी नारळ घेऊन माणसे येऊ लागली. तो अन्न टाकून देतो, भिंतीशी भांडतो, हे येणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते. पण प्रत्येकाला त्याच्या तोंडून आपल्या मुलीचे लग्न कधी जमेल, एवढेच ऐकायचे होते.

वेगाने श्वास घेत राहिले की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, अंगाला मुंग्या येतात, बोटे वळतात, भोवळ येते. सततच्या जागरणाने नसलेले आवाज ऐकू येऊ शकतात. हे आधुनिक डॉक्टरांचेच म्हणणे आहे असे कोणी समजू नये. पतंजलींनी योगसूत्रांच्या विभूतिपादात सिद्धींना समाधीतील विघ्नच म्हटले आहे, आणि सोळाव्या शतकात स्पेनमधील आविलाच्या संत तेरेसा यांनी तासन्‌तास भान हरपणाऱ्या अशक्त साधिकांचे उपवास व प्रार्थना कमी करून त्यांना खाऊ घाला, झोपू द्या, असे बजावले होते. परंपरेचे नाव घेणाऱ्यांनी परंपरेतील एवढे शहाणपण तरी उचलावे की नाही?

मावसभावाला त्या आवाजाने एके दिवशी पुराच्या गोदावरीत उतरायला सांगितले. घाटावरच्या लोकांनी त्याला ओढून काढले, आणि त्यानंतरच घरचे त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. 2018 साली दिल्लीतील बुराडी येथे एकाच घरातील 11 जणांचा जीव गेला. मृत वडील आपल्यामार्फत आदेश देतात ही घरातल्या एकाची धारणा सर्वांनी पाळली, असे तपासात पुढे आले. अशा घरात पहिल्या दिवशी कोणी तरी ‘अरे, तू झोपलास का?’ असे विचारायला नको का?

ध्यानाने अनेकांना शांती मिळते, हे मान्य. ज्या जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी आहे, तेथे साधनेला वेड म्हणण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात प्रवेश अर्जातच मानसिक आजाराची विचारणा होते. एवढी काळजी सभागृहे भाड्याने घेणाऱ्यांना जड का जावी?

मावसभाऊ आता औषधे घेतो, कामाला जातो आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावून शांतपणे जपही करतो. त्याची श्रद्धा कोणी हिरावून घेतली नाही, याचे मला फार समाधान आहे. नारळ घेऊन येणाऱ्यांपैकी मात्र त्याच्या आजारपणात एकही जण फिरकला नाही.

त्या मुलीला ओळखणारे कोणी ही पोस्ट वाचत असेल, तर तिच्या आईवडिलांना आजच फोन करा. ती जेवते का, झोपते का, तिला आवाज ऐकू येतात का, हे विचारा आणि त्यांना सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक द्या. तेथे मराठीतही बोलता येते.