कुत्रा सोडा, मालकाचं बोला

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी अजून आहे. आईबाबा तिथे राहतात, त्यामुळे उद्या पाणी येणार नाही हे जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये बसून मला त्यांच्या आधी कळतं. मध्यंतरी या ग्रुपवर एका बाईंनी साधा प्रश्न टाकला. बी विंगमधला रॉटवायलर जिन्यात मोकळा असतो, काल माझ्या नातवाच्या अंगावर धावून गेला, त्याच्या मालकाला कुणी समज देईल का? दुपारपर्यंत त्यावरून अशी काही जुंपली की बस्स. एकाने सुप्रीम कोर्टाच्या आदेशाची बातमी चिकटवली. दुसऱ्याने गेटबाहेरच्या कुत्र्यांना पोळ्या घालणाऱ्या मुलींना "एवढा पुळका असेल तर घरी न्या" असं सुनावलं. त्यातल्या एकीने उत्तरादाखल पशू कल्याण मंडळाचं परिपत्रक टाकलं. कुणीतरी दत्ताच्या पायाशी बसलेल्या चार कुत्र्यांचा दाखला दिला. संध्याकाळी अ‍ॅडमिनने वैतागून ग्रुपला कुलूप लावलं. ज्याचा रॉटवायलर, तो गृहस्थ या सगळ्यात एक अक्षर बोलला नाही. बोलायची त्याच्यावर वेळच आली नाही.

हे मी गेली काही वर्षं बघते आहे. कुत्र्यावरून वाद निघाला की तो लगेच श्वानप्रेमी विरुद्ध श्वानद्वेष्टे असा होतो, आणि पाळीव कुत्र्याचा बेफिकीर मालक भटक्या कुत्र्यांच्या आडोशाने अलगद निसटतो.

भटक्यांचा प्रश्न खोटा आहे असं मुळीच नाही. सरकारने संसदेत सांगितलेल्या आकड्यांनुसार 2024 मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या 37 लाखांहून जास्त नोंदी झाल्या. सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2025 ला दिल्ली आणि परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलायला सांगितली, 22 ऑगस्टला ते बदलून नसबंदी आणि लस देऊन पुन्हा त्याच जागी सोडा असं सांगितलं (पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडून), आणि नोव्हेंबरात शाळा, इस्पितळं, बस स्थानकं यांच्या आवारातून ती हटवण्याचा आदेश दिला. यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण जिन्यातल्या त्या रॉटवायलरचा याच्याशी काय संबंध? त्याला घर आहे, नाव आहे, त्याच्यासाठी महिन्याला काही हजारांचं खाणं येतं. नाही तो फक्त उत्तरदायी माणूस.

"युरोपात बघा, रस्त्यावर एक कुत्रं दिसत नाही" असं म्हणणाऱ्यांच्या वाटेला मी जात नाही. जर्मनीत बेवारस कुत्री नाहीत, कोल्ह्या-कुत्र्यांमधून येणाऱ्या रेबीजपासून हा देश 2008 पासून मुक्त आहे, तेव्हा भटक्यांच्या बाबतीत इथलं काही उचलून तिथे नेता येत नाही. तुलना करायची तर पाळीव कुत्र्यांची करावी, कारण मालक नावाचा प्राणी दोन्हीकडे अगदी सारखा आहे. इथल्या बागेत कुत्रा उधळून अंगावर आला की मागून हमखास आरोळी येते, "देर टुट निक्स!" तो काही करत नाही! डोंबिवलीतही हेच ऐकू येतं, वर एक सल्ला फुकट मिळतो: "तुम्ही घाबरू नका हो, घाबरलात की त्याला कळतं." म्हणजे चावलाच तर चूक घाबरणाऱ्याची.

फरक पडतो तो पुढे. मी राहते त्या निडरझाक्सन राज्यात 2011 चा कुत्र्यांचा कायदा आहे. त्यानुसार सहा महिन्यांवरच्या प्रत्येक कुत्र्याला चिप लागते, राज्याच्या नोंदवहीत त्याची नोंद लागते आणि मालकाकडे त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा असावा लागतो, माणसाला इजा झाली तर किमान 5 लाख युरोचा आणि वस्तूंसाठी किमान अडीच लाखांचा. शिवाय 1 जुलै 2013 पासून मालकाला परीक्षाही द्यावी लागते. लेखी भाग कुत्रा आणण्याआधी, प्रत्यक्षाचा भाग आणल्यावर वर्षभरात. ज्यांनी नजीकच्या काळात दोन वर्षं तरी कुत्रा सांभाळलाय त्यांना सूट.

माझ्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुत्रा आणायचं ठरवलं तेव्हा हे मी जवळून पाहिलं. शाळेत उभी हयात दुसऱ्यांचे पेपर तपासलेल्या या बाई स्वयंपाकघरात प्रश्नसंच घेऊन बसत आणि मला खिडकीतून हाका मारत. शेपटी हलवणारा कुत्रा नेहमी खुशीतच असतो का? (नसतो.) अनोळखी मूल धावत आलं तर तुम्ही काय कराल? प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशी परीक्षक त्यांना गावातल्या बाजाररस्त्यावरून फिरवून आणतो. बाजूने सायकल जाते, पळणारा माणूस जातो, समोरून दुसरा कुत्रा येतो. बाई सांगत होत्या, की तो कुत्र्याकडे फारसा बघतच नव्हता. माझ्या हाताकडे बघत होता, पट्टा मी वेळेवर आखडते की नाही ते.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो विमा. जर्मन दिवाणी संहिता 1900 सालापासून लागू आहे, आणि तिचं 833 वं कलम सांगतं की हौसेने पाळलेल्या प्राण्याने कुणाचं नुकसान केलं तर ते मालकाने भरायचं, मालकाची चूक असो वा नसो. "यापूर्वी कधी असं केलं नव्हतं हो त्याने" हे वाक्य तिथे कामाला येत नाही. गेल्या हिवाळ्यात या बाईंच्या कुत्र्याने, आता चांगला धिप्पाड झालाय तो, एका सायकलवाल्याला पाडलं. त्याचं मनगट मोडलं. बाईंनी रस्त्यातच एका चिठ्ठीवर विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसीचा क्रमांक लिहून दिला, रुग्णवाहिका येईपर्यंत त्याच्याजवळ थांबल्या आणि घरी येऊन कंपनीला कळवलं. उपचार, मोडलेली सायकल, बुडालेले कामाचे दिवस, सगळं तिकडून गेलं. दोघंही अजून एकाच बेकरीत पाव घ्यायला जातात.

यावर इथल्या कुत्रेवाल्यांच्या तक्रारी असतातच. त्यांना सगळ्यात खुपतो तो कुत्र्यावरचा कर. बर्लिनमध्ये पहिल्या कुत्र्याला वर्षाला 120 युरो, दुसऱ्यापासून प्रत्येकी 180. हॅम्बुर्गमध्ये साध्या कुत्र्याला 90 आणि धोकादायक ठरलेल्याला 600. हा पैसा कुत्र्यांवरच खर्च व्हावा असं बंधन नाही, तो नगरपालिकेच्या तिजोरीत जातो, आणि मग काही महाभाग "मी कर भरतो" म्हणून फुटपाथवरची घाण तिथेच सोडून चालू पडतात. रेल्वेत मोठ्या कुत्र्याला अर्धं तिकीट आणि तोंडाला मुसकी लागते, तिकीट दिसतं, मुसकी पुष्कळदा पिशवीतच असते.

आपल्याकडे काही भयंकर घडलं की पहिली मागणी येते ती जातींवर बंदीची. 2022 मध्ये लखनौला घरच्याच पिटबुलने 82 वर्षांच्या बाईंचा जीव घेतला, त्यानंतर ही मागणी वाढत गेली, आणि मार्च 2024 मध्ये केंद्राने पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह 23 जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकताच काढलं म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते महिन्याभरात रद्द केलं. जर्मनी या वाटेने आधीच जाऊन आलाय. जून 2000 मध्ये हॅम्बुर्गच्या विल्हेल्म्सबुर्ग भागात शाळेच्या मैदानावर दोन कुत्र्यांनी सहा वर्षांच्या मुलाला ठार केलं. देश हादरला, राज्याराज्यांत भराभर नियम निघाले. निडरझाक्सनने जातींची यादीच जाहीर केली. 2002 मध्ये संघीय प्रशासकीय न्यायालयाने ती मोडीत काढली, कारण एवढा मोठा निर्णय विधिमंडळाने करायचा असतो, खात्याने नियमावली काढून नव्हे. काही जातींच्या आयातीवर देशपातळीवर 2001 पासून बंदी आहे आणि अनेक राज्यांत याद्याही आहेत, पण निडरझाक्सनने नंतरच्या कायद्यात यादी ठेवली नाही. जो कुत्रा वागण्यातून धोकादायक ठरेल त्याची स्वभावचाचणी, आणि मालकाची सगळीच तपासणी. मला हे पटतं. यादी केली की यादीबाहेरचा मालक सुटतो, आणि चावऱ्या लॅब्राडॉरला कुणी विचारत नाही.

मात्र कायदा कागदावर चोख असला म्हणजे झालं, असंही नाही. एप्रिल 2018 मध्ये याच हॅनोव्हरमध्ये चिको नावाच्या स्टॅफर्डशायर मिश्र जातीच्या कुत्र्याने घरातल्या आई आणि मुलाला मारलं. चौकशीत निघालं की हा कुत्रा आक्रमक आहे आणि मालकाला तो झेपणारा नाही, हे सरकारदरबारी 2011 पासून ठाऊक होतं. फाईल होती. पुढची पावलं कुणी टाकलीच नाहीत. आणि या चिकोला मारू नका म्हणून अडीच लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या! शेवटी त्याला इंजेक्शन देऊन मारलंच. त्या दिवसांत ऑफिसच्या कँटीनमध्ये अशा तावातावाने वाद व्हायचे की मला आमचा ग्रुप आठवायचा.

आता मुंबईचं बघा. 2010 मध्ये नेपियन सी रोडवर, मालमत्तेचा वाद चालू असताना, समोरचा नको म्हणत असूनही एकाने गाडीचं दार उघडलं आणि आतला रॉटवायलर सत्तरी ओलांडलेल्या नातेवाईकाला चावला. मालकाला तीन महिन्यांची शिक्षा लागली 2023 मध्ये. 2018 मध्ये वरळीच्या एका इमारतीत लहान मूल बरोबर असलेला माणूस जरा थांबा म्हणत असताना दुसऱ्याने आपला हस्की ओढत लिफ्टमध्ये आणला आणि तो त्या माणसाला चावला. निकाल 2025 मध्ये, चार महिने कैद. शिक्षा झाली हे चांगलंच. पण तेरा वर्षं आणि सात वर्षं कोर्टाची पायरी चढायची तयारी आपल्यातल्या किती जणांची आहे? भारतीय न्याय संहितेचं 291 वं कलम बेफिकीर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगतं; चावा खाल्लेल्याच्या इंजेक्शनांचे आणि टाक्यांचे पैसे हवे असतील तर त्याचं दिवाणी प्रकरण वेगळं.

सोसायटीच्या कमिटीचेही हात बांधलेले आहेत. पशू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येणार नाही, सर्वसाधारण सभेत बहुमत झालं तरी नाही. मुसकीची सक्ती करता येणार नाही. भुंकणं हे बंदीचं कारण होऊ शकत नाही. कमिट्या खरोखरच मनमानी करतात, भाडेकरूला कुत्र्यासकट घालवून देतात, म्हणून यातलं बरंचसं रास्त आहे. जर्मन सर्वोच्च न्यायालयानेही 2013 मध्ये भाडेकरारातली कुत्र्या-मांजरांवरची सरसकट बंदी अवैध ठरवली. पण इथे कुत्रा ठेवण्याच्या हक्काला शेजाऱ्याचा हक्क चिकटलेला असतो. 1993 मध्ये कोलोनच्या वरिष्ठ न्यायालयाने एका प्रकरणात सांगितलं, की भुंकणं सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, दिवसभरात मिळून तीस मिनिटांपेक्षा जास्त नको, आणि दुपारी एक ते तीन व रात्री दहा ते सकाळी सहा मुळीच नको. हे कुत्र्याला कोण समजावणार, हा प्रश्न कोर्टाने मालकावर सोडला. मग शेजारी वही घालून बसतात, 14.10 ते 14.22, पुन्हा 16.05. समोरासमोर एक शब्द न बोलता वकिलाच्या पत्रातून भांडायची ही तऱ्हा मला अजूनही अंगावर येते.

ग्रुपला कुलूप लागल्यावर मी आईला फोनवर म्हटलं, "अगं, त्या काकूंना सांग, पोलिसांत साधी तक्रार तरी नोंदवा." आई म्हणाली, "वेडी आहेस का? त्याची आई आणि मी वीस वर्षं एका भिशीत आहोत. आणि रोज लिफ्टमध्ये तोंड दिसणार ते वेगळंच." हे तिचं म्हणणं मला तरी खोडता आलं नाही. आपल्या इमारतींमध्ये तक्रार म्हणजे वैर. सेक्रेटरी बोलत नाही, वॉचमनची काय टाप, आणि काकूंच्या नातवाला जिना सोडावा लागतो.

म्हणूनच मला वाटतं, की इथून एकच गोष्ट न्यायची असेल तर ती विम्याची. साध्या स्कूटरला थर्ड पार्टी विमा सक्तीचा, आणि चाळीस किलोच्या रॉटवायलरला नाही, हे कसं? परीक्षा, स्वभावचाचणी वगैरे आपल्याकडे आलं की सर्टिफिकेट विकणारे एजंटही येतील, मला त्याची फार आशा नाही. विम्याला मात्र परीक्षक लागत नाही. मुंबई-पुण्याच्या महापालिकांत पाळीव कुत्र्याला परवाना आजही लागतो, बरेच जण काढत नाहीत ही गोष्ट निराळी. त्या परवान्याच्या अर्जाला रेबीजच्या लसीच्या दाखल्याबरोबर त्रयस्थाच्या विम्याची प्रत जोडायला लावावी. आपल्याकडच्या काही कंपन्यांच्या पाळीव प्राण्यांच्या विम्यात ही तरतूद आताच मिळते. आणि सोसायटीने काय करावं? बंदी घालता येत नाही, पण महापालिकेच्या परवान्याची झेरॉक्स ऑफिसात जमा करा, एवढं तर सांगता येतं. बी विंगच्या मालकाकडे तो आहे का, हे ग्रुपवरच्या दिवसभराच्या भांडणात एकानेही विचारलेलं नाही. पुढच्या एजीएमच्या विषयपत्रिकेवर तो मुद्दा घ्या असं मी बाबांच्या नावाने सेक्रेटरींना लिहिलंय.