‘पगार वेळेवर देतो, मन कसं सांभाळू?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत उरकण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमच्या हाताखाली चौदा-पंधरा माणसं आहेत. तुम्ही म्हणता, “मी डॉक्टर नाही. पगार वेळेवर होतो, कुणाला वेडंवाकडं बोलत नाही, त्यापुढे कुणाच्या मनात काय चाललंय हे माझं काम नाही. कंपनीने ध्यानाचं ॲप घेऊन दिलं, व्याख्यानं ठेवली, काडीचाही फरक पडला नाही. उलट कामचुकारांना ‘स्ट्रेस’चं आयतं निमित्त मिळालं आणि त्यांचं काम बाकीच्यांच्या गळ्यात पडलं. आम्हीही रात्र-रात्र जागून कामं केलीत, आम्हाला काही झालं नाही.” आणि शेवटी तुम्ही विचारलंत, की उद्या कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा केली तर मी काय करायचं?

ॲपबद्दल तुम्ही जे पाहिलंत ते खरंच आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातले संशोधक विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांमधल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ॲप, ताण-व्यवस्थापनाचे वर्ग, ‘खंबीर कसं व्हावं’ याची प्रशिक्षणं यांत भाग घेतलेले आणि न घेतलेले यांच्या मानसिक स्वास्थ्यात म्हणावा असा फरक त्यांना दिसला नाही. २०२४ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एखाद्याला व्यक्तिशः ध्यानाचा उपयोग होत असेल, तो मी नाकारत नाही. पण कंपनीने सगळ्यांना एकच ॲप वाटलं आणि कर्तव्य संपलं असं मानलं, तर हाती फारसं काही लागत नाही.

इथवर आपलं जुळतं. पण यावरून ‘हा विषयच आपला नाही’ असं तुम्ही म्हणता, ते मला पटत नाही. ते सगळे उपाय माणसाला बदलू पाहत होते. कामाला कुणी हातच लावला नव्हता.

कामामुळे येणाऱ्या ताणाचा शोध फार जुना आहे. संशोधक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की नुसतं काम जास्त असणं हा सगळ्यात मोठा धोका नाही. काम जास्त आणि ते कधी, कसं, कोणत्या क्रमाने करायचं यात स्वतःला काहीच मुभा नाही, ही जोडी माणसाला खाते. पुढे लंडनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांवरचा ‘व्हाइटहॉल २’ हा अभ्यास मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली १९८५ मध्ये सुरू झाला. त्यात १०,३०८ जण होते. नोकरी स्थिर, पगार वेळेवर, अगदी तुम्ही म्हणता तसं. तरीही ज्यांचा स्वतःच्या कामावर ताबा कमी होता त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त निघालं. वरिष्ठांचा आणि सहकाऱ्यांचा आधार ज्यांना होता, त्यांची मानसिक प्रकृती तुलनेने बरी राहिली. वेळेवर पगार ही मोठी गोष्ट आहे, पण तेवढ्याने भागत नाही, हे या लोकांकडे पाहून कळतं.

बर्नआउटचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या वर्गीकरणात त्याची नोंद घेतली आहे, पण ‘आजार’ म्हणून नाही. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ तसाच राहिला की उद्भवणारी अवस्था, अशी ती नोंद आहे. सतत थकवा, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून आता काही धड होत नाही ही भावना. तुम्ही डॉक्टर नाही हे अगदी मान्य. पण डॉक्टर गोळी देऊ शकतो, रजेची चिठ्ठी देऊ शकतो. तुमच्या टीमचं वेळापत्रक तो बदलू शकत नाही, ते तुमच्याच हातात आहे.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते सांगते. शुक्रवारी संध्याकाळी पावणेसातला ग्रुपवर मेसेज येतो, “सोमवारी सकाळी प्रेझेंटेशन लागेल.” बस, एवढंच. कुणासमोर करायचंय, किती सविस्तर हवंय, हातातला रिपोर्ट त्यासाठी मागे ठेवला तर चालेल का, काही कळत नाही. विचारावं तर ‘एवढंही समजत नाही का’ अशी धास्ती. शनिवार कामात जातो, रविवार अंदाज बांधण्यात. सोमवारी कळतं की मीटिंग बुधवारवर गेली, हे शुक्रवारीच ठरलं होतं, सांगायचं राहून गेलं. यात कुणी कुणाला वेडंवाकडं बोललेलं नाही. पण हे दर पंधरा दिवसांनी झालं तर वर्षाअखेरीस त्या माणसाचं काय होईल?

त्याच मेसेजमध्ये आणखी तीन वाक्यं घाला: प्रेझेंटेशन कुणासाठी आहे, दहा मिनिटांचं पुरेल की नाही, आणि रिपोर्ट गुरुवारी दिला तरी चालेल. काम तेवढंच राहिलं, पण माणसाच्या हातात लगाम आला. तुमच्या ॲपच्या वर्गणीपेक्षा या तीन वाक्यांवर माझा कितीतरी जास्त भरवसा आहे, आणि त्यांना खर्च शून्य आहे.

जिथे वरिष्ठांना शिकवलं गेलं तिथे फरक दिसलाही आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या अग्निशमन दलात वरिष्ठ अधिकाऱ्यांना फक्त चार तासांचं प्रशिक्षण दिलं गेलं. निदान कसं करायचं हे त्यात नव्हतं. हाताखालच्या माणसाची काहीतरी ओढाताण चाललीय हे ओळखायचं कसं, त्याच्याशी बोलायचं कसं आणि रजेवर असताना संपर्क कसा ठेवायचा, एवढंच. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा, प्रशिक्षण न मिळालेल्या अधिकाऱ्यांच्या माणसांच्या तुलनेत, यांच्या माणसांच्या कामाशी संबंधित आजारपणाच्या रजा कमी झाल्या होत्या. हे २०१७ साली प्रसिद्ध झालं.

आता बोलायचं कसं, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते. “तुला डिप्रेशन आलंय का?” असं विचारू नका, तो तुमचा प्रांत नाही. जे डोळ्यांनी पाहिलंत तेवढंच सांगा: “गेले दोन-तीन आठवडे तू मीटिंगमध्ये गप्प असतोस. आधीचे दोन्ही रिपोर्ट उशिरा आले, तुझ्या बाबतीत असं होत नाही. कामातलं काही बदलायला हवंय का?” आणि मग थांबा. समोरचा लगेच बोलत नाही. बहुतेक साहेब त्या शांततेला घाबरून स्वतःच उपदेश सुरू करतात, आणि तिथे संवाद संपतो. तो “नाही, सगळं ठीक आहे” म्हणाला तर ठीक, “कधी वाटलं तर सांग” म्हणा आणि आठवड्याभराने पुन्हा सहज विचारा. जे सांगेल ते चहाच्या टेबलावर जाता कामा नये. एकदा जरी फुटलं, तर पंधराच्या पंधरा माणसं तुमच्याशी कायमची गप्प होतील.

कामचुकारांबद्दल. असे लोक असतात, नाही म्हणत नाही. पण कुणाचा त्रास खरा आणि कुणाचा खोटा हे तुम्ही ठरवायला बसलात, तर पुन्हा डॉक्टरच्या खुर्चीत बसलात. बोलणं कामापुरतं ठेवा: पुढचे चार आठवडे तुला काय झेपेल, काय नाही, कोणत्या तारखेला पुन्हा बसून पाहायचं. ज्याला खरंच त्रास आहे त्याला यातून श्वास घ्यायला जागा मिळते. ज्याला फक्त टाळायचंय त्याला तारीख आणि ठरलेलं काम आवडत नाही. आणि संख्येने पाहिलं तर मोठा प्रश्न बुडव्यांचा नाहीच. नैराश्य आणि चिंता यांमुळे जगभरात दरवर्षी कामाचे सुमारे १२०० कोटी दिवस वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०२२ मधला अंदाज आहे.

बाकीच्यांच्या गळ्यात काम पडतं, ही तुमची तक्रार मात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. एकाचं ओझं उतरवून गुपचूप दुसऱ्याच्या पाठीवर ठेवणं म्हणजे दुसरा रुग्ण तयार करणं. काम कमी करायचं तर ते खरोखर कमी करावं लागतं: काही पुढे ढकला, काही सरळ रद्द करा, वरच्यांना स्पष्ट सांगा की या महिन्यात एवढंच होईल. हे तुमच्यासाठी अवघड आहे, मला कळतं. तुमच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेलं असणार, आणि मधल्या फळीतल्या साहेबाला कुणी विचारत नाही की तुझं काय. म्हणूनच मी मूळ लेखात वरच्या व्यवस्थापनाला धरलं होतं, तुम्हाला नाही.

रात्री जागण्याबद्दल एवढंच, की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा, सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेच २०२१ मध्ये सांगितलंय. तुम्हाला काही झालं नाही याचा मनापासून आनंद आहे. पण ज्यांना झालं ते आज प्रतिक्रिया लिहायला नाहीत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. कुणी तशी भाषा केली, तर विषय बदलू नका, ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करू नका. सरळ विचारा, “आत्महत्येचे विचार मनात येतायत का?” विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतील ही भीती निराधार आहे. उलट कुणीतरी विचारलं याचाच अनेकांना आधार वाटतो. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. गुप्ततेबद्दल वर जे म्हटलं त्याला हा अपवाद आहे. त्याच्या जवळच्या माणसाला बोलवा, डॉक्टरकडे किंवा आपत्कालीन सेवेकडे नेईपर्यंत सोबत राहा. मीटिंग थांबू द्या. आणि काही आठवड्यांनी तो परत येईल तेव्हा पहिल्याच दिवशी दहा मिनिटं त्याच्यासोबत बसा: सुरुवातीला किती काम घ्यायचं आणि सहकाऱ्यांना काय सांगायचं, हे त्यालाच ठरवू द्या.